सासूबाईंचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. देवाला ठाऊकच आहे, म्हणून प्रार्थनेतही हा भाग मी जरा भरभर उरकतो.

आता तुम्हाला सांगतो. पण थांबा, आधी एक स्पष्ट करतो. मी भित्रा माणूस नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे, भर उन्हात खांबावर चढतो— बघा, लागलो ना सारवासारव करायला! भित्रा आहे मी. तेच तर सांगायचंय.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. झाशीला बदली झाली, तेव्हा ओरछा गेटजवळ मुजुमदारकाकांच्या घरात वरचा मजला भाड्याने घेतला. काका पिढ्यान्‌पिढ्या इथले, तरी घरात मराठी बोलणारे. बायको नर्स, आणि तिची आई आमच्याकडेच. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या गायच्या मोठ्यानं. दर बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना व्हायची. असून असून किती माणसं? पाच-सहा. पण गल्लीत कुजबुज सुरू झाली की वर लोकांचा धर्म बदलतात. पानवाला मला पाहून गप्प व्हायला लागला. मी सासूबाईंना म्हटलं, जरा हळू गात चला.

“काय?” म्हणाल्या.

दोनदा सांगितलं. मग नाद सोडला.

एका बुधवारी अजून कुणी आलं नव्हतं, बायको ड्यूटीवर होती, शाळकरी मुलगी शिकवणीला, आणि जिन्यावर पावलं वाजली. डोकावलो तर काका, आणि मागे गल्लीतले तिघे. चेहरे चहाला आल्यासारखे नव्हते. मी काय केलं असेल?

बाथरूममध्ये शिरलो. कडी लावली. नळ सोडला. तेवढ्यावर भागेना— पुरावा हवा म्हणून डोक्याला शाम्पू चोळला. येशूचा शिष्य पेत्र, त्याने भीतीपोटी ‘मी याला ओळखत नाही’ म्हणत प्रभूला नाकारलं, पण त्याला निदान कुणी विचारलं तरी होतं. मला तर अजून कुणी काही विचारलंही नव्हतं!

वरच्या झरोक्यातून सगळं ऐकू येत होतं.

“अम्माजी, यहाँ क्या चलता है?” तिघांतला एक जण.

“काय?”

“यहाँ! क्या! चलता है!”

“प्रार्थना,” सासूबाई म्हणाल्या. “हम ख्रिस्ती लोग है. येशू को मानते, छुपाते नाही. घर खाली करो बोलोगे तो करेंगे, पर प्रार्थना बंद नाही करेंगे. बैठो, पोहे है.”

“लोगों का धरम बदलवाती हो?” त्याचा आवाज आणखी चढला.

“अरे बेटा, चालीस साल में मेरे नवरे की बिडी नाही छूटी मुझसे. तुम्हारा धरम क्या बदलूँगी?”

कुणीतरी फस्सकन हसलं. एक जण तणतणत जिना उतरून गेला. बाकीचे बसले असावेत, कारण बशा वाजल्या. आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी गेलं. डोक्यावर फेस, डोळ्यांत आग, टॉवेल गुंडाळून मी बाहेर आलो आणि विचारलं, “क्या हुआ, भैया?”

काकांनी पोह्यांतून मान वर केली. “अरे, तुम्ही घरातच होता?”

रात्री बायकोने घाबरून विचारलं, “त्यांच्याशी बोललं कोण?” मी म्हणालो, “मी होतो ना.” खोटं होतं का? होतो तर खरा. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने कसं बळ दिलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं केलं, कारण बायकोने अभिमानाने सगळीकडे सांगितलं होतं. मी नको म्हणायला हवं होतं ना? दिली साक्ष. तिघांचे अकरा झाले, काकांच्या हाती काठी आली, आणि “छुपाते नाही” हे मी छातीवर हात ठेवून म्हणालो. पोहे तेवढे गाळले. सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ पुढच्या बाकावरून आलं. सासूबाईंचं.

परतताना ई-रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “जावईबापू, माझं वाक्य तुम्हाला शोभलं हो छान.” पुन्हा कधी विषय नाही. लेकीलाही बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी त्या गेल्या. अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, “जावयाने धैर्याने तोंड दिलं, ते या माउलीच्या प्रार्थनेमुळे.” मी मान हलवली. शवपेटीशेजारी उभा राहून— हलवली.

इथवर मला हसूही येतं, खरं सांगतो. पण मागच्या महिन्यात आमच्या मुलीचा फोन आला. ती कानपूरला कॉलेजात शिकते. हॉस्टेलच्या मुलींनी तिच्या गळ्यातला क्रूस पाहून तिला घेरलं होतं— काढ, नाहीतर दुसरी खोली बघ.

“पप्पा, खूप डर लागला होता,” ती म्हणाली. “पण मग तुमची चर्चमधली साक्ष आठवली. मी सरळ बोलले, मानते, छुपाती नाही. बिलकुल तुमच्यासारखं.” तिला खोली बदलावी लागली. क्रूस गळ्यातच आहे.

मी म्हणालो, “शाब्बास.”

एवढंच म्हणालो. ते वाक्य तिच्या आजीचं आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.