वाजवून घेतलेला डबा

मधलं बोट दुमडायचं, त्याच्या पेरानं वस्तूवर दोनदा टकटक करायचं, कान टेकवायचा आणि डोळे मिटायचे. मग हळूच म्हणायचं, "आयका. आतून सांगून राहिलं ते."

ही आमच्या सरांची खरेदीची रीत. सौंसरच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि ते विज्ञान. सरांनी माठ असा घेतला, टरबुजं अशी घेतली, घराचं दारही असंच घेतलं. छत्री वाजत नाही म्हणून तीन पावसाळे भिजले. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की त्याच्या डोक्यावर टकटक करून म्हणायचे, "रिकामं आहे, पन भांडं चांगलं आहे." पांढुर्ण्याच्या बाजारात एका माठवाल्यानं वैतागून विचारलं होतं, "गुरुजी, माठ घ्याचा आहे का सोयरीक कराची आहे?" सर शांतपणे म्हणाले, "सोयरीक असती तं एवढं नसतं पाह्यलं."

तुमच्या गावातही असा एखादा चोखंदळ माणूस असेल. त्याच्यासोबत खरेदीला कधी जाऊ नका. मी गेलो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टीव्ही म्हणजे नागपूरला गेलं की पाहायची चीज. अशात बातमी आली की जाळीची भलीमोठी छत्री आभाळाकडं तोंड करून ठेवली की थेट उपग्रहावरचं चित्र घरात उतरतं. बोरगावचे एक संत्र्यांचे बागायतदार शाळेच्या समितीवर होते. त्यांनी शाळेला छत्री, रिसिव्हर आणि टीव्ही असं सगळंच द्यायचं कबूल केलं. अट एकच होती, घरी लग्नकार्य निघालं की सगळं सामान जीपमधून बागेवर गेलं पाहिजे. "शाळेतही चालला पाहिजे आन् फिरतीवरही," ते म्हणाले. निवड अर्थातच सरांकडे आली.

सरांना घाई होती आणि तिचं कारण फक्त मला माहीत होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नागपूरला मामाकडे राहून कॉलेज करायची. छात्रसैनिक मुलींच्या तुकडीतून तिची दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी निवड झाली होती. सर मला म्हणाले, "पोरगी दिल्लीच्या रस्त्यानं चालनार आन् बाप इथं रेडिओले कान लावून बसनार? मले ते पाह्याचं आहे. डोयानं पाह्याचं आहे."

नागपूरच्या दुकानात आम्ही सकाळी शिरलो ते दुपारची बस चुकल्यावरच बाहेर पडलो. बागायतदारसाहेबांना एक सागवानी पेटीचा, लाल दिव्यांचा रिसिव्हर फार आवडला होता. सरांनी टकटक केलं आणि मान हलवली. "सागवान बोलून राहिला साहेब, आतलं काही बोलत नाही." मग कोपऱ्यातला एक करड्या पत्र्याचा, कुरूप डबा वाजवला. तो आणि त्याच्या जोडीचा टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालायचा. "हा खरं बोलते. लाईन गेली तरी बोलन."

छत्रीचंही तेच झालं. दुकानदार सबंध ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चकचकीत छत्री दाखवत होता. सरांनी लोखंडी कड्यांवर ताणलेली जाळीची छत्री निवडली. चार तुकड्यांत सुटायची, जीपमध्ये मावायची. "पत्रा वावधानात उडून जाईन. जाळीतून हवा पास होते. खालून हवा, वरून ऊन, मस्त काम." हे वाक्य त्यांनी घरीही दहा वेळा ऐकवलं. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते नीट ऐकून ठेवलं. नवऱ्याचं सगळं ऐकून घेणाऱ्या बायका किती धोक्याच्या असतात ते पुढं कळेल.

शाळेच्या गच्चीवर, सरांच्या घराला लागूनच छत्री बसली. चोवीस तारखेच्या संध्याकाळी सरांनी चित्र लावून पाहिलं. इतकं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले डूल मोजता आले.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि अर्धं सौंसर शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसलं. पहिल्या रांगेत बाई, नव्या लुगड्यात. बरोबर वेळेवर लाईन गेली. सरांनी बॅटरीच्या तारा जोडल्या आणि बागायतदारसाहेबांकडे असं पाहिलं की त्यांनी सागवानी पेटीचं नाव पुन्हा काढू नये. बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

सरांनी डबा वाजवला. मुंग्याच. टीव्ही वाजवला. मुंग्याच. मागून कोणीतरी विचारलं, "काय सांगून राहिलं जी आतून?" सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! मग सरांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. ते एकेक तार काढून पुन्हा जोडत होते.

तेवढ्यात बाईंनी तोंडावर हात मारला. "अव माय! माही भाजी!"

झालं होतं असं. टीव्ही लागायचा संध्याकाळी, त्यामुळे दिवसभर छत्री मोकळीच. पोरीला हरभऱ्याची सुकी भाजी फार आवडते. दिल्लीहून आली की नागपूरला बांधून द्यायची म्हणून बाई आठवडाभर छत्रीत जुनं धोतर अंथरून पाला वाळवत होत्या आणि रोज संध्याकाळच्या आत काढत होत्या. कालचा मात्र पोरीच्या ओढीत राहूनच गेला होता, आणि काल संध्याकाळी टीव्ही कोणी लावलाच नव्हता. रातच्या दवानं तो चिंब भिजला होता.

"छत्रीत भाजी?" सर ओरडले.

"आभायाकडं तोंड केलेलं एवढं मोठं सूप रिकामं कायले ठेवाचं?" बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "खालून हवा, वरून ऊन, तुमीच तं म्हनलं!"

सर जिन्यानं वर धावले. मी अंगणात असा उभा राहिलो की इकडे पडदा दिसावा आणि तिकडे सर. त्यांनी धोतराची चारही टोकं धरून गाठोडं ओढलं, त्या हिसक्यानं छत्रीचा एक पाय विटेवरून घसरला. सरांनी खांदा लावून ती उचलून धरली.

"आलं का?"

"आलं!" व्हरांडा ओरडला. पडद्यावर घोडे, रणगाडे, सगळं लख्ख दिसत होतं.

सर खाली यायला वळले की चित्र जायचं. दुसऱ्या कोणी खांदा लावला तरी जायचं. दोन-तीनदा असं झालं. शेवटी ते तिथंच थांबले. गाठोडं काखेत धरून, छत्रीखाली वाकून उभे राहिले.

मुलींची तुकडी आली. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, एकसारखे हात, एकसारखी पावलं. बाईंनी पडद्याला नाक लावलं. दोन श्वासांत तुकडी निघूनही गेली. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना पोरगी कुठं दिसलीच नव्हती. मलाही नाही.

वरून आवाज आला, "दिसली का?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अंगणात येऊन ठणकावून सांगितलं, "दिसली!"

"कोन्ती?"

बाईंनी मला कोपरानं ढोसलं. मराठीचा मास्तर दुसऱ्या कोणत्या दिवशी कामी येणार? मी ओरडलो, "पहिली रांग! डावीकडून चौथी!"

मला वाटलं, आता वरून टकटक ऐकू येईल. आली नाही. सर छत्रीखालून मान वाकडी करून हसत होते, एवढंच दिसलं.

मुलगी आली त्या दिवशी सरांनी तिला आमच्यासमोर सांगितलं, "पह्यली रांग, डावीकडून चौथी. पाय असा बराबर पडून राह्यला होता!" तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाव बाबा, चौथीच होती मी." पुढं कित्येक वर्षं सर हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी भेटायला गेलो तेव्हा मुलगी माहेरी आलेली होती. अंगणात ती जुनी छत्री उताणी पडली होती आणि बाई तिच्यात पाला पसरत होत्या. मला राहवलं नाही. मी मुलीला आमचं खोटं सांगून टाकलं.

तिनं मूठभर पाला उचलून छत्रीत पसरला. मग म्हणाली, "काका, मी त्या दिवशी चाललीच नव्हती. ताप आला होता मले. माह्या जागेवर दुसरी पोरगी चालली. बाबाले कसं सांगू?"

बाईंचा हात पाल्यातच थांबला. त्यांनाही हे आजच कळत होतं. मग पोटातून हसू आलं तिघांनाही, आणि हसता हसता तिघंही रडलो. माठापासून दारापर्यंत सगळं वाजवून घेणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्यानं आम्हा तिघांकडून न वाजवता घेतली आणि जन्मभर जपली.