पासष्ट गुण आणि बाळासोंचं पत्र

शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात चालवणारी माणसं शेकड्यांनी आहेत. पण शेजारच्या शेडमधल्या मशीनचा नुसता आवाज ऐकून "त्या टूलची धार गेली बघा" असं सांगणारा प्रसेनजीत शिंगे एकच. अंगानं काटक, बोलायला कमी, वय एकोणचाळीस. आयटीआयचा टर्नर. बाळासो चौगुल्यांच्या वर्कशॉपात एकविसाव्या वर्षी पाऊल टाकलं, ते अठरा वर्षं तिथंच रोवलं. पंपाचे शाफ्ट तपासायला पुण्याहून इन्स्पेक्टर यायचा. प्रसेनजीतनं घडवलेल्या जॉबला तो एकदा मायक्रोमीटर लावायचा आणि दुसऱ्यांदा लावायच्या फंदात न पडता चहा मागवायचा.

असा हा माणूस चाळिशीच्या उंबऱ्यावर परदेशी जायचं मनावर घेतो, हे ऐकून गल्लीत पुष्कळांनी तोंडं वाकडी केली. बी पेरलं होतं ते हुपरीच्या ऋतुराजनं. दोघं आयटीआयला एका बाकावर होते. ऋतुराज सात वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथं कायमचा राहिला. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "लेका, माझ्यापेक्षा दसपट कारागीर हाईस तू. हितं टर्नरला कोण साहेब म्हणत न्हाई. पण टर्नरला टर्नर म्हणत्यात, एवढं खरं."

राजारामपुरीत एका मेडिकल दुकानाच्या वर स्वप्नाली पाटणकर हिचं एका खोलीचं ऑफिस. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून द्यायचं काम. वयानं तिशीतली, पण जिभेवर साखर नव्हती. प्रसेनजीत आणि त्याची बायको दीक्षा समोर बसल्यावर तिनं कोरा कागद ओढला.

"दादा, वशिला नाही, लाच नाही. ऑस्ट्रेलियाचा हिशेब गुणांचा आहे. पासष्ट लागतात. वय आत्ता एकोणचाळीस, त्याचे पंचवीस. ट्रेडच्या शिक्षणाचे दहा. आठ वर्षांच्या वर कुशल कामाचा अनुभव, पंधरा. इंग्रजीत चारी भागांत सात-सात आणलेत, तर दहा."

"किती झाले?"

"साठ. वहिनी, तुमच्याही इंग्रजीचा पेपर द्या. साधा पास झालात तरी पाच. झाले पासष्ट. काठावर उभे आहात, लक्षात ठेवा. पासष्ट म्हणजे रांगेत उभं राहायला मिळतं. व्हिसाचं बोलावणं त्यांच्या मर्जीनं."

"आणि काठावरनं ढकलणारं काय हाय, मॅडम?"

"तुमचा वाढदिवस. कधी असतो?"

"नऊ फेब्रुवारी."

"चाळिसावं संपलं... म्हणजे चाळीस पूर्ण झाले, की पंचवीसचे पंधरा. त्याआधी बोलावणं हातात पाहिजे. आणि त्याच्याही आधी तुमच्या कामाची पारख. त्यांची एक संस्था कागद तपासते आणि सांगते, हा माणूस खरंच टर्नर आहे का."

प्रसेनजीत हसला. अख्ख्या उद्यमनगरात ज्या एका गोष्टीबद्दल कुणाला शंका नव्हती, ती सातासमुद्रापलीकडं सिद्ध करायची होती.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला तालीमच म्हटलं पाहिजे. पहाटे पाचला उठून नवराबायको समोरासमोर बसायची. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये इंग्रजी चालायचं. मुलगी अक्षता नववीत, ती दोघांच्या चुका काढायची आणि कॉलर ताठ करून शाळेला जायची. दीक्षा एका खासगी शाळेत क्लार्क, तिचं इंग्रजी फायलींपुरतं बरं होतं. ती पहिल्या झटक्यात सुटली. प्रसेनजीत दोनदा साडेसहावर अडकला. तिसऱ्या वेळी बोलण्याच्या परीक्षेत गोऱ्या बाईनं विचारलं, रोज वापरता अशा एका वस्तूविषयी सांगा. गडी मायक्रोमीटरवर सुटला तो थांबेचना. शेवटी बाईनंच हात वर केला. त्या खेपेला चारी भागांत सात आले. दीक्षानं गल्लीत पेढे वाटले, आणि कशाचे म्हणून विचारणाऱ्यांना "हाय की एक गंमत" म्हणून टाळलं.

आता राहिलं पत्र. मालकानं लेटरहेडवर लिहून द्यायचं: हा माणूस कुठल्या पदावर, कधीपासून, आठवड्याला किती तास, रोज नेमकं काय काम करतो. स्वप्नालीनं नमुना टाईप करून दिला. बजावलंही, "यात भर घालू नका, काढू नका. आणि पाठवायच्या आधी मला दाखवा."

बाळासो चौगुले सत्तरी ओलांडलेले. पांढरा लेंगा, वर सदरा, कपाळाला गंध, आवाज असा की चार लेथ चालू असतानाही शेवटच्या कोपऱ्यात पोचायचा. माणूस मनानं मोठा, यात वाद नाही. अक्षताच्या जन्माच्या वेळी दीक्षाला रक्त लागलं, तेव्हा स्वतः ब्लड बँकेत जाऊन बसले होते. जातपात त्यांनी वर्कशॉपच्या उंबऱ्याआत येऊ दिली नाही. "प्रसेन म्हंजे माझा घरचा माणूस," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि प्रसेनजीतची मान तेवढ्यानं वर व्हायची.

त्यांनी नमुना वाचला आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

"ह्यॅ! हे काय पत्र हाय? 'लेथ मशीन चालवतो, रेखाचित्र वाचतो, मापं तपासतो.' एवढंच? अरं, शेजारचं पोरगं दोन महिन्यांत एवढं करतंय. अठरा वर्षं माझ्यात राबलेल्या माणसाचं असलं भिकारडं पत्र देऊन माझी अब्रू घालवू व्हय परदेशात?"

"मालक, त्यास्नी एवढंच लागतंय."

"त्यास्नी काय कळतंय! यशराज, बस कॉम्प्युटरला. मी सांगतो तसं इंग्रजीत घे."

नातू यशराज इंजिनीअरिंगला होता. आजोबा येरझाऱ्या घालत सांगू लागले, तो बोटं चालवू लागला. सगळं वर्कशॉप कान देऊन ऐकत होतं. मधल्या लेथवरचा केरबा पोवार, बावन्न वर्षांचा जुना कारागीर, त्यानं तर मशीनच बंद केली.

प्रसेनजीत हा माझ्या मुलासारखा आहे. माझ्या गैरहजेरीत वर्कशॉप तोच सांभाळतो. माल खरेदी करतो, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडतो, थकलेली बिलं वसूल करतो. माझ्या पत्नीच्या आजारपणात वर्षभर दर आठवड्याला तिला गाडीनं पुण्याला नेणारा तोच. कागलच्या शेतावर ऊसतोड सुरू झाली की टोळीवर लक्ष ठेवायला दोन महिने तोच. माझ्या दोन्ही नातींच्या लग्नांत मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं त्यानं पाहिलं. नवरात्रात मशीनची पूजा मी त्याच्या हातानं करवतो. लेथचं कामही तो उत्तम करतो. असा माणूस ज्या देशाला मिळेल, त्या देशाचं भाग्य.

शेवटचं वाक्य सांगताना बाळासो येरझाऱ्या थांबवून उभे राहिले. प्रसेनजीतनं मान खाली घातली. अठरा वर्षांत हा माणूस त्याच्या तोंडावर कधी "शाब्बास"ही म्हणाला नव्हता. केरबानं डोळे पुसले आणि "मशीनचं कूलंट उडालं डोळ्यात" म्हणाला.

आता सांगा, अशा पत्रातली कुठली ओळ खोडा म्हणून सांगायचं? त्यानं ते घरी नेलं. दीक्षानं मोठ्यानं वाचलं, अक्षतानं फोटो काढून मामाला पाठवला. सही-शिक्क्याचं ते पत्र प्रसेनजीतनं स्वप्नालीला न दाखवता स्वतःच्या हातानं संस्थेच्या संकेतस्थळावर चढवलं. तिनं पाहिलं असतं तर नमुन्याचा हट्ट धरला असता, हे त्याला ठाऊक होतं.

जुलै गेला, दिवाळी गेली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर आलं. दोन ओळींचा अर्थ लावायला नवराबायको राजारामपुरीचा जिना धावत चढली.

स्वप्नालीनं वाचलं. मग जोडलेलं पत्र उघडलं. ते संपेपर्यंत तिचा चेहरा पडत गेला.

"दादा, हे काय पाठवलंत?"

"खरं तेच हाय की त्यात."

"तेच तर! ते म्हणतात, या माणसानं पूर्णवेळ टर्नर म्हणून काम केल्याचं दिसत नाही. कधी मॅनेजर, कधी ड्रायव्हर, कधी शेतावरचा मुकादम. लेथबद्दल अख्ख्या पानात एक ओळ. तुमचा अनुभव धरलेलाच नाही. पारखच नापास, तर पुढचं काहीच नाही."

"मग दुसरं पत्र घिऊ. नमुन्यातलं."

"फेरतपासणी मागता येते. पण ते विचारणार, पहिलं खरं की दुसरं? नवं खोटं ठरलं तर तीन वर्षं दार बंद होऊ शकतं. मी त्यात हात घालणार नाही. तुम्हीही घालू नका." तिनं पेन खाली ठेवलं. "का नाही दाखवलंत मला? एक शब्द टाकायचा होता, दादा. एक फोन."

जिना उतरताना दीक्षानं विचारलं, "सहा आठवडे ऱ्हायलेत नव्हं नऊ तारखेला?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीत बाळासोंच्या टेबलासमोर उभा राहिला. कागद पुढं ठेवला. अर्थ समजावून सांगितला. बाळासोंना आधी पटेना, मग राग आला.

"खोटं काय लिवलंय मी? एक शब्द खोटा दाखव!"

"न्हाय मालक. खोटं काईच न्हाय."

"मग? चांगल्या माणसाला चांगला म्हणायचं न्हाय, असा कायदा हाय व्हय तिकडं? आण ते दुसरं. पाहिजे ते लिव्ह, डोळं झाकून सही करतो."

"आता त्याचा उपेग न्हाय." प्रसेनजीतचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रात्री हिशेब घातला मी, मालक. पैशांचा न्हवं, दिवसांचा. उसाचं दोन महिनं. पुण्याच्या फेऱ्या. वसुली, लग्नं, बँक, आरटीओ. वर्षातनं निम्मं दिवस माझी मशीन बंद हुती. त्यांनी बरोबर वळखलंय. तुम्ही मला टर्नर म्हणून ठेवलंतच कुठं?"

शेडमध्ये एकेक लेथ थांबली.

"घरचा माणूस म्हणून ठेवला रं," बाळासो म्हणाले. आवाज त्यांच्या मानानं फारच लहान होता.

"व्हय. आन् घरच्या माणसाला हुद्दा नसतोय."

म्हातारा खुर्चीत मागं रेलला. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव नव्हता. आपण अठरा वर्षं जे प्रेमानं ताटात वाढलं, त्यात या माणसाचं नुकसान कुठं मिसळलं गेलं, ते शोधणाऱ्याचा गोंधळ होता. "तू कवाच न्हाय म्हणाला न्हाईस," ते शेवटी म्हणाले.

याचाच प्रसेनजीतला सगळ्यात जास्त राग आला. खरंच म्हणाला नव्हता. गाडीची किल्ली पुढं आली की त्यानं हात पुसून ती घेतली होती, आणि वर अभिमानही बाळगला होता की मालक केरबाला नाही, आपल्याला हाक मारतात.

नऊ फेब्रुवारी आली. दीक्षानं खीर केली, कारण खीर दरवर्षी असते. अक्षतानं चाळीस आकडा पेन्सिलीनं कॅलेंडरवर लिहिला आणि बापाचं तोंड बघून खोडला.

"इंग्रजीचा पेपर तीन वर्षंच टिकतोय, माझे पाच मी पुन्हा आणते," दीक्षा वाटी पुढं सारत म्हणाली. "स्वप्नाली म्हणाली तसं. तुम्ही बी पुन्हा द्या. आणखी जोर लावून आठ-आठ आणले तर दहाचे वीस हुत्यात. आन् आडगावात ऱ्हायला तयार असलं, तर तिथल्या राज्याच्या शिफारशीचे पंधरा, म्हंजे पुन्हा पासष्ट."

"आन् कामाचं?"

"ते शून्यापासनं. नुसतं टर्नरचं काम, सलग, तीन वर्षं तरी. मग पुन्हा पारख."

"तवर त्रेचाळीस."

"पंचेचाळीसच्या आत बसतंय. मी बघितलंय." ती जराशी चिडली. "तोंड पाडून बसायचं आसंल तर बसा. पण ती तीन वर्षं आजपासनं मोजायची का उद्यापासनं, तेवढं सांगा."

त्यानं खीर संपवली आणि कामावर गेला.

दहाच्या सुमाराला शाफ्टच्या मोठ्या ऑर्डरचा पहिला जॉब त्यानं लेथच्या चकात धरला. मापं घेतली, कट सुरू केला. तेवढ्यात दारातून बाळासोंची हाक आली. त्या भांडणाला सहा आठवडे होऊन गेले होते. म्हातारा तेव्हापासून जपून बोलायचा, पण सवय ती सवय.

"प्रसेन, मुरगूडचा पावणा आलाय, मोटर जळलीया त्याची. जरा त्याच्याबरोबर जाऊन बघून ये की. दुपारपर्यंत येशील."

प्रसेनजीतचा हात हँडलवर होता. नेहमीप्रमाणं तो मशीन बंद करायच्या बटणाकडं निघालासुद्धा. अर्ध्यात थांबला. अठरा वर्षं जे वाक्य तोंडातून निघालं नाही, ते एका दमात निघणार कसं?

"मालक," तो म्हणाला, "ते माझं काम न्हाय."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. कुणी हसलं नाही. पाहुणा आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. बाळासोंचे ओठ हलले. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली, दोनदा, स्वतःशीच. मग त्यांची नजर सवयीनं शेडभर फिरली.

"केरबा," त्यांनी हाक मारली, "तू जातोस व्हय रं?"

"जातो की, मालक!" केरबा फुलून म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदा हाक आली होती.

त्याला अडवायला प्रसेनजीतनं तोंड उघडलं. पण तोवर केरबा हात पुसत पाहुण्याबरोबर दाराबाहेर पडला होता. मधल्या, केरबाच्या लेथचा चक हळूहळू फिरत थांबला, आणि प्रसेनजीतनं आपला कट पुढं चालू ठेवला.