नव्या कामाला पाणी

मामा रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीला पाणी मारून यायचे. आदल्या दिवशी गिलावा केलेली भिंत जिथे असेल तिथे जायचं, बादलीत तांब्या बुडवायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात पाणी भिंतभर पसरायचं. कोरडी भिंत पाणी पिते तेव्हा बारीक आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय ते तिथून हलत नसत. सुट्टीच्या दिवशीही जात.

"घरातल्या माणसाला कधी पाणी विचारलंत का?" मामी म्हणायची.

"माणूस मागून घेतो. भिंत मागत नाही, एकदम तडकते."

पस्तीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं. मग जिना चढताना धाप लागायला लागली, ओठ निळसर दिसायला लागले, आणि डॉक्टरांनी हृदयाची एक झडप बदलायला हवी म्हणून सांगितलं. छातीचं हाड मधोमध कापावं लागणार होतं. मामांनी एकच शंका काढली.

"परत जोडणार कशानं?"

"तारेनं."

"बांधायची तार? आम्ही सळया बांधतो तशी?"

"जवळजवळ तशीच. फक्त गंजत नाही."

मामांचं समाधान झालं. तारेवर त्यांचा विश्वास होता.

घरी आले तेव्हा त्यांच्या छातीवर गळ्याखालपासून पोटाच्या वरपर्यंत एक सरळ रेघ होती. सोबत सूचनांचा कागद होता. हाड सांधेपर्यंत तीन महिने पाण्याच्या भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. हात डोक्यावर न्यायचे नाहीत. उठताना हातांवर भार न देता कुशीवर वळून उठायचं. खोकला, शिंक किंवा हसू आलं तर छातीशी उशी घट्ट धरायची. जखम अंघोळीनंतर टिपून घ्यायची, कोरडी ठेवायची, तिला काहीही लावायचं नाही.

उशीचं त्यांनी मनावर घेतलं. जेवायला बसले तरी उशी मांडीवर. "माझी सवत," मामी तिला म्हणायची, आणि मामा हसायचे, आणि हसायला पुन्हा उशी धरावी लागायची.

कागदावरची एकच ओळ त्यांना पटली नव्हती.

"कोरडं ठेवा म्हणे. नवं काम कोरडं ठेवलं की तडे जातात, हे शेंबडं पोरही सांगेल."

"डॉक्टर काय गवंडी आहेत?"

"तेच तर म्हणतोय मी."

मामीला वाटलं, विषय तिथेच संपला. पण सवय माणसाला विचारून चालत नाही. पहाटे मामी उठायच्या आत मामा कुशीवर वळून उठायचे, न्हाणीघरात जायचे, स्वच्छ रुमाल ओला करून घट्ट पिळायचे आणि बनियनच्या आत त्या रेघेवर अंथरून ठेवायचे. थोडा वेळ तसेच बसायचे. मग रुमाल गादीखाली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा सगळा प्रकार.

बाराव्या दिवशी बनियन बदलताना मामीला दिसलं की रेघेचं खालचं टोक लाल झालंय, नखाएवढं उघडलंय आणि त्यातून चिकट पाणी येतंय. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तासाभरात दोघं दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत होती.

तिथली सिस्टर केस पिकलेली, बोलायला रोखठोक. तिने दोन्ही तळवे मामांच्या छातीच्या दोन बाजूंना ठेवले आणि म्हणाली, "उशी धरा. खोका."

मामा खोकले. ती डोळे मिटून तळव्यांनीच ऐकत होती. गिलावा पोकळ आहे का ते मामा असंच ऐकायचे, बोटाच्या पेराने ठोकून.

"हाड हललेलं नाही," ती म्हणाली. मामीचा जीव निम्मा भांड्यात पडला. मग सिस्टरने चष्मा पुढे ओढला. "पण कातडी पांढरी पडून फुगलीये. काका, तुम्ही अंघोळ करता की पोहता?"

मामांनी मामीकडे पाहिलं नाही. निघताना गादीखालून उचललेला ओला रुमाल खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"अहो!" मामी एवढंच म्हणाली.

डॉक्टर आले, त्यांनी जखम पाहिली, आणि त्यांचा आवाज खाली गेला. दहा दिवस गोळ्या, रोज ड्रेसिंग. तेवढ्यात भरली तर ठीक. संसर्ग खाली हाडापर्यंत, तारेपर्यंत पोचला तर छाती पुन्हा उघडावी लागेल. "आणि मग हातात थापी धरता येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही."

डॉक्टर गेल्यावर मामा म्हणाले, "ते मला पाण्यात बघतात." कुणी हसलं नाही.

सिस्टर जखम साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "नव्या कामाला पाणी लागतंच, मिस्त्री. नाही कोण म्हणतंय? पण इथे ते आतून मिळतं."

"आतून कोण मारणार?"

तिने हातमोजा काढला, मामांचा उजवा हात उचलला आणि त्यांचीच बोटं त्यांच्या डाव्या मनगटावर ठेवली. मामांना आधी काही समजलं नाही. मग बोटांखाली ठोका लागला.

"ऑपरेशनच्या वेळी तासभर बंद ठेवलं होतं आम्ही हे हृदय," ती म्हणाली. "झडप बसवली, रक्त परत सोडलं, आणि लागलं चालायला."

"कुणी चालू केलं?"

"काहींना विजेचा झटका द्यावा लागतो. तुमचं तर कुणीच नाही. आपलं आपण लागलं. तेव्हापासून मिनिटाला सत्तरदा पाणी मारतंय. तुम्ही झोपलात तरी."

त्या दिवशी घरी येईपर्यंत मामांची दोन बोटं मनगटावरच होती.

पुढचे दहा दिवस पट्टी उघडली की ते आरसा मागायचे. तिसऱ्या दिवशी खळग्याच्या तळाशी तांबूस दाणे दिसले. पाचव्या दिवशी ते दाटले. मामीला बघवत नसे. मामा मात्र श्वास रोखून बघत. "आम्ही वरून लिंपतो गं," ते हळूच म्हणाले. "हे तळातून वर येतंय. आणि कडेला आलं की थांबतंय. कुठे थांबायचं हे त्याला कोण सांगतं?" त्या दिवसापासून मामीही वाकून बघायला लागली.

दहाव्या दिवशी सिस्टरने पट्टी काढली आणि नवी घातली नाही.

चौथ्या महिन्यात त्यांनी थापी धरली, आधी छोटी, मग नेहमीची. आणखी आठ वर्षं काम केलं. गेले ते दुपारच्या झोपेत, कुणाला कळलंही नाही. त्या सकाळी दोघं बाजारातून परत आली होती. दोन जिने चढून दारापाशी आल्यावर मामी पदराने घाम पुसत उभी राहिली. एका हातात बटाट्यांची जड पिशवी, दुसऱ्या हाताने किल्ली शोधत होती.

मामा म्हणाले, "दे ती पिशवी इकडे. तू आपली दार उघड."