माप न देणारा बोका

गल्लीत तिला सगळे शिंपीणकाकू म्हणत. तिच्या हातचा कपडा उसवायला परत आलाय, असं क्वचितच घडे. पण घरच्या म्हाताऱ्या बोक्यापुढे मात्र तिने हात टेकले होते.

वय झालं तसं बोक्याने नखं घासणं सोडलं. पुढच्या पायाचं एक नख वाढत गेलं आणि वळून त्याच्याच पंजाच्या गादीत रुतलं. डॉक्टरांनी ते कापलं, मलम दिलं आणि बजावलं, "चाटू देऊ नका. चिघळलं तर बोट काढावं लागेल."

चाटू देऊ नका! सांगायला काय जातं? गळ्यात अडकवलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं बोक्याने पलंगाखाली घुसून मोडलं. काकूने मऊ मोजा शिवला, तो त्याने दातांनी ओढून काढला. नाडीचा शिवला, तर नाडीच कुरतडली.

"भेटलं ना तुला माप न देणारं गिऱ्हाईक!" नवरा पेपरामागून म्हणाला.

"जीभ चालवण्यापेक्षा त्याला धरा जरा."

"मला चावतो तो."

"मग माझे काय मुके घेतो?" काकूने ओरखडलेलं मनगट पुढे केलं.

पंजा मुठीत धरून बसलं, की तेवढा वेळ तो गप्प राही. पण मग मशीन गप्प! आज जखम पुन्हा लाल दिसली, तशी काकू हातातलं काम टाकून, मलम लावून त्याला घेऊन बसली. नेमक्या तेव्हाच बँकेतल्या बाई कोट न्यायला आल्या. कोटाची एक बाही अजून खुर्चीवर पडली होती.

"अहो काकू, मला आत्ता घालायचाय! मांजरापायी माझा कोट अडवलात?"

"मग काय करू?" काकूचा आवाज चिरकला. "हात दोनच आहेत मला. हा सोडला, की चाटतो. त्याचं बोट जाईल हो! आणि घरातल्या माणसाला पेपर सोडवत नाही."

पेपर आणखी वर गेला.

बाई क्षणभर घुटमळल्या. मग पर्स खाली ठेवून त्यांनी हात पुढे केले. "द्या इकडे. कसा धरायचा?"

"मूठ सैल ठेवा. दाबू नका."

बोका गुरगुरला. बाई श्वास रोखून ताठ बसल्या. मशीन धडधडलं, बाही जोडली गेली.

"झालं? घ्या याला आता."

"मलम सुकायचंय अजून." काकूने दोरा तोडला, उठून नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि म्हणाली, "बाईंना जायचंय. धरा. चावला तर चावला."