दुसऱ्या घरातली प्रत

विजूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. फोन ठेवला, सवयीने पुढची वही ओढली, दोन चुकांवर लाल खुणाही केल्या... मग हात चालेना. त्याला आता दीड महिना झाला. भाऊजी माझ्या नवऱ्याचे, अरुणचे, कॉलेजपासूनचे मित्र. वसईच्या किनाऱ्याकडे त्यांची केळी-पानवेलींची वाडी, नोकरी मात्र अंधेरीला, संगणकांची. विरारला फुलपाड्यातल्या आमच्या घरी ते आले, की दारातून आधी केळ्यांची फणी आत यायची आणि मागून भाऊजी.

अरुण मस्कतला नोकरीला होते. एक दिवसाआड त्यांची ईमेल यायची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. कुकर लावला का, एवढं वाचतानाही मी दोनदा अडखळायची. तिथेच एका सकाळी ते अचानक गेले. त्यांची बॅग आली, घड्याळ आलं, पण त्यांचं बोलणं म्हणाल तर ते त्या पत्रांतच उरलं होतं. वर्षभरात आमचा संगणकही घरघरू लागला. मी नवा घेतला, त्यातल्या ईमेलच्या नव्या प्रोग्राममध्ये माझं खातं घातलं आणि बघते तर पेटी रिकामी! भाऊजींना फोन लावला, पण मी बोलले कमी आणि रडलेच जास्त.

रविवारी ते हजर. "वहिनी, पोस्टमन पत्रं केव्हाच घरात टाकून गेलाय. आता ती पोस्टात शोधून कशी मिळतील? या जुन्या डब्यातच आहेत सगळी," जुन्या संगणकावर थाप मारत ते म्हणाले.

"मग एकेक करून पाठवू का नव्यावर?"

"छे! रोप हलवायचं तर मुळाभोवतीच्या मातीसकट. नाहीतर तग धरत नाही."

म्हणून पत्रं, पत्ते, अर्धवट लिहून सोडलेले मजकूर, सगळं त्यांनी कप्प्यांसकट उचललं. त्याला तीन रविवार लागले. एकदा ऐन मध्यावर वीज गेली (विरारची वीज ती, तिला कुठला आलाय मुहूर्त!) आणि पुन्हा श्रीगणेशा. पासवर्ड टाकायची वेळ आली की भाऊजी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. आणि मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करणारी! "मी काही ऐकलं नाही हं," ते भिंतीला सांगत. शेवटी पत्रांचा आकडा जुळला, तरी त्यांचं समाधान होईना. "एक उघडून वाचा," म्हणाले आणि चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. एक म्हणता म्हणता मी अकरा वाचली. ते आत आले तेव्हा कपातला चहा तसाच होता, वर साय धरलेली. आभाराचा एक शब्द माझ्या तोंडून फुटला नाही. निघताना त्यांनी सगळ्याच्या दोन सीडी केल्या, एक मला दिली, एक स्वतः घेतली. "दोन्ही एकाच घरात ठेवायच्या नाहीत, वहिनी. आग आहे, पाणी आहे... सांगता येत नाही."

गेल्या रविवारी सुमनताईंना, भाऊजींच्या पत्नीला, भेटायला वाडीवर गेले होते. त्यांनी कपाट उघडून सातबाऱ्याच्या कागदांखालून एक लखोटा काढला. वर भाऊजींचं अक्षर, 'वहिनींची पत्रं. उघडू नये.' सहा वर्षांत चिकटवलेली कड कुठेही सुटली नव्हती.

"दर दसऱ्याला कपाट आवरताना हे स्वतः लखोटा पुसायचे आणि परत ठेवायचे," ताई म्हणाल्या. "आत काय आहे ते मलाही कधी सांगितलं नाही. तुमचं आहे, घेऊन जा आता."

मी लखोटा हातात घेतला, आतली सीडी बोटांना लागली आणि इतक्या वर्षांचे राहिलेले आभार डोळ्यांवाटे एकदम बाहेर आले. अरुणचं बोलणं आजही माझ्या घरात आहे, ते या माणसामुळे. जरा सावरल्यावर मी लखोटा ताईंच्या हातात परत दिला.

"दोन्ही एकाच घरात ठेवायच्या नाहीत, ताई. हा इथेच राहू दे."

त्यांनी तो पदराने पुसला आणि सातबाऱ्याखाली ठेवून दिला.