उरलेली मेंढरं

पेठ वडगावच्या बाजारात तो धनगर म्हातारा मला एकदाच भेटला. खांद्यावर घोंगडं टाकून, नुकत्याच विकलेल्या उरल्यासुरल्या मेंढरांपाशी उभा होता. का विकली, म्हणून मी विचारलं.

"चरायला रान कुठं हाय, पावणं? सगळीकडं ऊस, न्हायतर प्लॉट. पोरं कंपनीत गेली. माझं पाय आता चालत न्हाईत."

व्यापाऱ्याची माणसं ओढत होती, पण मेंढरं टेम्पोत चढेनात. शेवटी म्हातारा स्वतःच फळीवरून आत गेला आणि त्यानं हळू शीळ घातली. सगळी मुकाट त्याच्यामागं चढली. मग त्यांच्यातून वाट काढत तो एकटाच खाली उतरला.

"जलमभर माझ्या मागनं आली," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आजबी आली की."

टेम्पो गेला. दिवस कलला, तरी तो तिथंच होता. घरी जायची घाई त्याला आता उरली नव्हती.