चादरीखालची आतषबाजी

ठाणेदार वहिनींना फटाक्यांच्या आवाजाची विलक्षण भीती वाटे आणि प्रताप नगरातल्या आमच्या कॉलनीची सगळी आतषबाजी त्यांच्याच हुकमाने चाले. कानांत कापसाचे बोळे कोंबून, पदर खोचून त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहत. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे दुप्पट ओरडत. "मांगं सरका गा! कवाची सांगून राहिली मी!" त्या घराचा पोलिसांशी काही संबंध नव्हता. यजमान रामदासपेठेतल्या एका कचेरीत कारकून, स्वभावाने अगदी मऊ. ठाणेदार हे नाव आम्ही वहिनींच्या आवाजामुळे ठेवले होते. त्यांनाही ते ठाऊक होते. "ठाणेदार नसती तं तुमी एकमेकाच्या पायजम्यात रॉकेट सोडले असते," असे त्या म्हणत.

त्यांच्या आधी आमच्याकडे दिवाळी म्हणजे फाटकाफाटकांतली कुस्ती होती. समोरच्या घराने लांब लड लावली की मी तिच्याहून लांब लावायचो. मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहणारे भाडेकरू त्या वेळी दार ओढून घेत. मला वाटे, त्यांना धुराचा त्रास होतो. वहिनींना तसे वाटले नाही. एका दिवाळीला त्यांनी घरातला लाकडी तखत मैदानात आणवला, त्यावर पलंगाची मोठी चादर पसरली आणि घरोघरी फिरून सांगितले, "लक्ष्मीपूजन झालं का आपापले फटाके गुपचूप या चादरीखाली सरकवा. कोणी काय ठेवलं, कोणी पाहायचं नाही. चादरीखाली गेलं ते कॉलनीचं."

यंदापर्यंत लोक समजत आले की ही कल्पना माझी. खरे असे की, तिला सर्वांत मोठा विरोध माझा होता. मी वहिनींना तावातावाने समजावले की ज्याचे फटाके त्याने उडवावेत, हौस ही ज्याची त्याची असते. माझे भाषण संपल्यावर त्यांनी कानातला बोळा काढला. "काय म्हणून राहिले होते, भाऊजी?"

त्या संध्याकाळी मी हट्टाने माझी लड माझ्याच फाटकात लावली. ती तडतडत संपली. धूर विरल्यावर पाहतो तर रस्त्यावर कोणी नाही. माझी बायको आणि मुलगीसुद्धा मैदानात. उरलेली पिशवी घेऊन मी मुकाट्याने तिकडे गेलो. वहिनींनी पिशवीकडे बघितलेही नाही. "या भाऊजी, तुमच्यासाठी खुर्ची धरून बसली मी. मघापासून दोघं भांडून गेले तिच्यावरून."

त्या दिवशी जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. वहिनी चादरीखाली हात घालायच्या आणि हाताला येईल ते काढायच्या. एका वेळी एकच. घाई करणाऱ्याला म्हणायच्या, "एक इझू दे ना गा. डोळे दोन असले तरी पाहणं एकच होते." अनार फुलला, शेवटची ठिणगी विझली, मगच चक्री. मग एक रॉकेट कडुलिंबाच्या वर जाऊन हिरवे फुटले आणि मैदानभर "आऽऽ" झाले. त्यात मागच्या खोल्यांतल्या म्हाताऱ्या आजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ते रॉकेट कोणाच्या घरचे, कोणाला माहीत नव्हते. माझेही असेल. कितीतरी वर्षे फटाके उडवून मी तोवर ते नीट पाहिलेच नव्हते.

पुढे मी कॉलनीचा सचिव झालो. एका दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात ही प्रथा "तुमच्या सचिवांची देणगी" असल्याचे सांगितले. टाळ्या पडल्या. मला फक्त "नाही" म्हणायचे होते. मी उठून हात जोडले. नंतर मैदानाच्या भिंतीवर माझ्या नावाची पाटीही लागली. वहिनींनी ती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि तखत उचलणाऱ्यांना ओरडायला निघून गेल्या. यजमान गेल्यावर त्या कळमेश्वरला मुलाकडे राहू लागल्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन यायचा. "काय काय उडालं, सांगा." मी सगळे सांगायचो, एक पाटीचे सोडून.

यंदा मंडळाने मैदानातच माझा सत्कार ठरवला. मी एकच अट घातली, वहिनींना आणायचे. त्या आल्या. वाकलेल्या, मुलाच्या हाताला धरून, पण येताच खुर्च्यांच्या रांगा सरळ करून घेतल्या. माझ्या खांद्यावर शाल पडायच्या आत मी माईक घेतला. म्हणालो, "ही प्रथा माझी नाही. या वहिनींची आहे. मी तर त्यांच्याशी भांडलो होतो. इतकी वर्षे टाळ्या घेतल्या, त्या आज ज्यांच्या त्यांना देतो." मी शाल त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि मग जो गजर उठला, तसा आमच्या मैदानाने कुठल्या रॉकेटलाही दिला नसेल. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मागच्या खोल्यांतल्या आजींची नात शिट्ट्या वाजवत होती.

वहिनींनी डोळे पुसले नाहीत. माईक ओढून घेतला. "भाऊजी, हे सांगाले इतके वर्स काहून लागले? मी का तुमाले खाऊन टाकलं असतं?" सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, उद्याच पाटीवरचे नाव बदलू. "बदला ना," वहिनी म्हणाल्या, "माझं वर लिवा. पण याहिचं खोडू नका. खाली लिवजा, पहिले विरोधक. एवढं मनापासून कोणी भांडलं नसतं, तं मी आपला तखत घरी परत नेला असता."

रंगाऱ्याने सकाळी शब्दशः तसेच लिहिले. संध्याकाळी नातवंडांना घेऊन मी मुद्दाम पाटीपुढे उभा राहिलो आणि दोन्ही ओळी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या.